दंड घातलेलं दुपटं

वर्गात शिरल्या शिरल्या बाई काचेचा पेला पाण्याने भरून टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवत, त्या पाण्याकडे क्षणभर बघत आणि म्हणत, "दार उघडंच असू द्या रे." मगच खडू हातात घेत. तो पेला पिण्यासाठी नव्हता. घसा कितीही कोरडा पडला तरी बाई त्याला तोंड लावत नसत. पाणी हललं तर आपल्याला आधी कळावं, एवढ्यासाठीच तो होता.

तुम्ही लातूरकडचे असाल तर हे समजावून सांगायला नको. भूकंपानंतर आमच्याकडे घरोघरी असले पहारेकरी नेमले होते. कुणी वाटीवर वाटी रचून ठेवी, कुणी बाटली उलटी उभी करी. पुढे लोकांची भीती ओसरली आणि भांडी पुन्हा फळीवर गेली. बाईंचा पेला मात्र नोकरीत कायम झाला.

मी मूळचा नांदेडजवळच्या मुदखेडचा. लातुरात एका क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवायला गेलो तेव्हा तिथे क्लासचं नुसतं पीक आलं होतं. आमच्या गल्लीत दोन रिक्षा समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागे, पण क्लास मात्र तीन चालत. घरमालकांनी गोठ्यांवर पत्रे टाकून पोरांच्या खोल्या केल्या होत्या. भोकर, इस्लापूर, कुठून कुठून आईबाप लोखंडी पेट्या घेऊन यायचे, पोराला सोडायचे आणि जाताना शिक्षकांच्या तोंडाकडे असे बघायचे की रात्री जेवण जात नसे. पोरं घाबरलेली, आईबाप घाबरलेले. त्या सगळ्यांत बाई म्हणजे भीतीच्या मुख्याध्यापिका.

त्या जीवशास्त्र शिकवत. स्टाफरूममध्ये दाराजवळची खुर्ची त्यांची. खांद्यावरची पर्स कधी खाली ठेवायच्या नाहीत. मी चिडवायचो, "बाई, इमारत हलली तर पहिल्या पळणार तुम्ही. आमचं काय?"

"तुम्हाला हाक मारीन की, सर," त्या अगदी गंभीरपणे म्हणत.

आणि त्यांचं ते वाक्य, जे ऐकलं नाही असा एकही विद्यार्थी त्या काळी लातुरात नसेल : "एकदा बघितलेलं बघितलेलं नसतं." उत्तरपत्रिका दोनदा तपासायच्या. कुलूप लावलं की ओढून बघायचं, जिना उतरायचं, परत वर जाऊन ओढून बघायचं. एका पोराच्या पेपरात अर्धा गुण जास्त दिला गेला, तर त्याला मेसमधून, ताटावरून उठवून तो परत घेतला होता. आम्ही हसायचो. ही सवय कुठून आली हे आम्हाला कुठे ठाऊक होतं?

पण शिकवणं! डीएनए शिकवायला लागल्या की बाईंची भीती कुठल्या कुठे जाई. पोरांना बाकांवरून उठवून दोन रांगांत समोरासमोर उभं करायच्या. प्रत्येकाच्या छातीवर खडूने एकेक अक्षर. ए समोर टी, जी समोर सी, दुसरी जोडी चालायची नाही. एका रांगेचं डोकं फळ्याकडे, दुसरीचं दाराकडे, कारण त्या दोन साखळ्या एकमेकींच्या उलट दिशेने जातात. मग हात धरायला लावून सगळी शिडी पिळायच्या. पोरं एकमेकांच्या पायांवर पाय देत गोल फिरायची, आणि शेजारच्या वर्गात माझ्या रसायनशास्त्राची वाट लागायची.

"आता पेशीचे दोन भाग व्हायचेत," बाई ओरडायच्या, "म्हणजे प्रत निघायला पाहिजे. सोडा हात!" दोन्ही रांगा वेगळ्या व्हायच्या आणि मागच्या बाकांवरची मोकळी पोरं धावत येऊन आपापली जोडी शोधायची. जुन्या रांगेसमोर नवी रांग. एका शिडीच्या दोन झाल्या आणि दोन्हींत एक बाजू जुनी, एक नवी. घाईत एखादा जी टीसमोर जाऊन उभा राहिलाच तर बाई त्याचा कान धरून मागे आणायच्या. "पेशीतसुद्धा असा एक तपासनीस असतो बरं का. चुकीची जोडी लागली की मागं येतो, काढतो, दुसरी लावतो. तरी एखादी राहतेच." हे शेवटचं वाक्य म्हणताना त्यांचं लक्ष पेल्याकडे जायचं.

नंतर एक दिवस त्या पर्समधून एक दुपटं काढायच्या. लहान बाळाला गुंडाळतात तसं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. अर्धं मोरपंखी, अर्धं डाळिंबी, मधून एक शिवण. आजच्या पोरांना दंड म्हणजे फक्त उशिरा फी भरल्यावर लागतो तो, म्हणून सांगतो : नऊवारी लुगडं विरलं की आपल्याकडच्या बायका ते टाकत नसत. दोन लुगड्यांचे विरलेले भाग कापून चांगले तुकडे एकमेकांना जोडत. त्या शिवणीला दंड म्हणतात. दंड घातलेलं लुगडं नेसायला कुणाला लाज नव्हती.

"तुमच्या प्रत्येक पेशीत एक गुणसूत्र आईकडून आलेलं, त्याच्या जोडीचं वडिलांकडून," बाई सांगायच्या. "पण तुम्ही पुढच्या पिढीला देताना ते तसंच्या तसं देत नाही. बीजपेशी तयार होताना ही दोन गुणसूत्रं शेजारी येतात, एकाच जागी तुटतात आणि याचा तुकडा त्याला, त्याचा याला असा जोडला जातो. दंड घालतात. म्हणून पुढं जातं ते ना निव्वळ आईचं, ना निव्वळ बापाचं." मग दुपट्याची घडी घालून फक्त मोरपंखी बाजू वर धरायच्या. "एवढंच बघून कुणी म्हणालं, की हे अमक्याचंच, तर?"

"चूक!" वर्ग ओरडायचा.

"का?"

"एकदा बघितलेलं बघितलेलं नसतं!"

पोरं हसायची. बाई घडी घालून दुपटं पर्समध्ये ठेवायच्या आणि पर्सची चेन दोनदा ओढून बघायच्या.

घरी बाई आणि त्यांची भाची, दोघीच. भाचीचं नाव अश्विनी, सगळ्यांची आशू. बाईंचं माहेर भूकंपात गेलेल्या गावांपैकी एक. भाऊ, वहिनी, आई, घरातलं कुणी उरलं नाही, फक्त भावाची तान्ही मुलगी वाचली आणि तेव्हा लातुरात होस्टेलवर राहून शिकणाऱ्या बाईंनी तिला वाढवलं. लग्न केलं नाही. एवढं सगळ्यांना माहीत होतं.

आशू फार गोड पोर. शाळा सुटली की स्टाफरूममध्ये येऊन बसायची. ती जिन्यावरून उतरली की बाई उठून खिडकीशी जायच्या, रस्ता ओलांडेपर्यंत बघायच्या, मग बसायच्या, मग पुन्हा उठायच्या. मी म्हणायचो, "बाई, पोरगी आहे, काचेचं भांडं नाही." त्या म्हणायच्या, "भांडं असतं तर कपाटात ठेवलं असतं, सर."

दरवर्षी दिवाळी झाली की एक बाई त्यांच्याकडे यायच्या. काशीबाई. पाठीला वाक, हातात कापडी पिशवी, पिशवीत हुरड्याच्या वड्या नाहीतर शेंगा. बाईंच्या भावाच्या शेजारच्या घरातल्या. आता पुनर्वसनाच्या गावात राहायच्या. त्या यायच्या असल्या की आठवडाभर आधीपासून बाईंचं चित्त ठिकाणावर नसे. एकदा त्या चक्क माझ्या वर्गात शिरल्या आणि माझ्या पोरांना माशांचं वर्गीकरण शिकवायला लागल्या. मला वाटायचं, गावची आठवण निघते, म्हणून होत असेल.

आशू बारावीला आली आणि आत्याच्याच वर्गात बसली. त्या वर्षी डीएनए झाला, रांगा झाल्या, पण दुपटं काही निघालं नाही. बाईंनी दोन रंगांच्या खडूंनी फळ्यावर आकृती काढून काम भागवलं. मागच्या वर्षीच्या पोरांकडून ऐकून आलेली पोरं नाराज झाली. मी स्टाफरूममध्ये सहज म्हणालो, "काय बाई, यंदा लुगड्याला सुट्टी?"

स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच होतो. बाईंनी पर्स मांडीवर घेतली आणि मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना दाराकडे पाठ करून बसलेलं बघितलं.

"सर, त्या दिवशी दवाखान्यात मी फक्त मोरपंखी बाजू बघितली," त्या म्हणाल्या.

भूकंपानंतर त्या लातुरातल्या दवाखान्यात भावाला शोधत फिरत होत्या. लेकरांच्या खोलीत धुळीने माखलेली, तोंड सुजलेली बाळं ओळीने ठेवलेली. भावाच्या मुलीला त्यांनी फक्त बारशात पाहिलेलं, तेव्हा ती डोळेसुद्धा नीट उघडत नव्हती. एका बाळाच्या अंगाभोवती मोरपंखी, पिवळ्या काठाचं दुपटं होतं. ते लुगडं बाईंनी शिकवण्या करून स्वतः वहिनीला लग्नात घेतलेलं. त्या ओरडल्या, "ही आमची!" आणि बाळ उचललं.

पुढे कितीतरी दिवसांनी दुपटं धुवायला घेतलं, पूर्ण उलगडलं, तेव्हा मधला दंड दिसला आणि दंडापलीकडचं डाळिंबी लुगडं. ते शेजारच्या काशीबाईंचं. वहिनी आणि त्या मैत्रिणी, भिंतीला भिंत. दोघींनी आपल्या विरलेल्या लुगड्यांना दंड घातला आणि दोघींना पाठोपाठ मुली झाल्या तेव्हा त्याच कापडाची दोन दुपटी केली. एक या घरात, एक त्या.

"म्हणजे काशीबाईंच्या मुलीच्या अंगावरपण..."

"हो. आणि ती मुलगी सापडली नाही. काशीबाई सोलापूरच्या दवाखान्यात पडून होत्या, मणका मोडलेला. वर्षाने चालत्या झाल्या आणि आमच्याकडं आल्या. दोरीवर दुपटं वाळत होतं. त्यांनी ते बघितलं. मग आशूकडं बघितलं. मग माझ्याकडं." बाईंनी पर्सची चेन ओढून बघितली. "मला वाटलं, आता उचलतील. त्या म्हणाल्या, 'लई ग्वाड हाय पोर,' आणि चहा घेऊन गेल्या. तेव्हापासून दरवर्षी येतात. बोलत काहीच नाहीत. सर, नाव ठेवताना मी आत्या म्हणून तिच्या कानात कुर्र केलं होतं. तो हाच कान का, तेवढं मला कुणी सांगत नाही."

मी म्हणालो, "आता तपासता येतं की."

"मलाच सांगताय?" त्या पहिल्यांदा हसल्या, आणि ते हसू बघवत नव्हतं. "आत्या-भाचीचं जुळवून अंदाज लागतो. काशीबाईंचं रक्त घेतलं तर पक्कंच कळतं. थेंबभर पुरतं. दरवर्षी मीच शिकवते ना? उद्या ही डॉक्टर होईल. तिला कुणी दुसऱ्यानं सांगण्याआधी मीच सांगायला पाहिजे. पण मला भ्या वाटायलंय, सर. लई भ्या वाटायलंय."

परीक्षा होईपर्यंत त्या थांबल्या. आशूला नांदेडला मेडिकलला प्रवेश मिळाला. क्लासने चौकात तिचा हा मोठा फोटो लावला. जायच्या आदल्या दिवशी बाईंनी दुपटं तिच्या पुढ्यात उलगडलं आणि सगळं सांगितलं. पोरीने दुपट्याची घडी घातली, आपल्या बॅगेत ठेवली आणि सकाळच्या बसने ती गेली.

एव्हाना क्लासचं वारं नांदेडलाही लागलं होतं आणि मी घराजवळ बरं म्हणून नांदेडला परतलो होतो. त्यामुळे बाईंचा हेर मी झालो. रोज फोन. "सर, दिसली का? जेवते का? वाळली का?" मी आपला धपाट्यांचा डबा घेऊन होस्टेलवर जायचो. आशू खाली यायची, डबा घ्यायची, "थँक्यू सर" म्हणायची आणि वर जायची. आत्याचा फोन उचलायची, पण "बरी आहे" याच्यापुढे गाडी सरकायची नाही. बाईंना मी सांगायचो, "छान आहे, हसत होती." एवढं खोटं देवालाही चालत असावं.

मग एका रविवारी सकाळी गेलो तर होस्टेलची बाई म्हणाली, "ती तर काल गावाला गेली." मी खुशीत फोन लावला, "बाई, पोरगी आली ना घरी?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "इथं नाही आली, सर."

दुसरं गाव कुठलं ते आम्हा दोघांनाही कळलं. "काशीबाईंचं रक्त घ्यायला गेली असेल," बाई म्हणाल्या. "मीच शिकवलंय तिला." फोन ठेवला गेला. मी तसाच डबा हातात घेऊन लातूरच्या गाडीत बसलो. आपण जाऊन काय करणार आहोत, हे मला अहमदपूर मागे पडलं तरी सुचलं नव्हतं.

बाईंचं दार सताड उघडं होतं. त्या समोरच खुर्चीवर बसलेल्या, शेजारी स्टुलावर पेला. मी आल्याचं त्यांनी बघितलं आणि पुन्हा रस्त्याकडे बघायला लागल्या. मी डबा पुढे केला तर म्हणाल्या, "तुम्ही खा." मीही वेडा, बसून एक धपाटं खाल्लं. दुसरं काय करावं तेच कळत नव्हतं.

दुपारी रिक्षा थांबली. आधी आशू उतरली, मग तिच्या हाताला धरून काशीबाई. बाई उठल्या तेव्हा त्यांचा धक्का लागून पेला पडला आणि पाणी सगळीकडे झालं. त्यांनी वळूनसुद्धा बघितलं नाही.

"तपासलं?" त्यांनी विचारलं.

आशू बोलायच्या आत काशीबाईच खाली टेकत म्हणाल्या, "पोरीनं इचारलं मला, मावशे, रगत देतीस का म्हनून. म्या म्हनलं, कशाला गं बाई? माझं लेकरू गेलं म्हनून येक डाव रडून घेतलं म्या. आता तपासलं की कुनाचं तरी येक पुन्यांदा जायाचं. माझं न्हाईतर बाईंचं. येवढं उलथंपालथं झालं तवा दोघीत मिळून येक वाचलं. ऱ्हाऊ द्या की तसंच."

"पण काशीबाई, खरं काय ते..." बाई म्हणाल्या. त्या शिक्षिका होत्या ना. "मी एकदाच बघितलं होतं हो. एकदा बघितलेलं..."

"आत्या," आशू म्हणाली. महिनाभरात मी तिचा आवाज पहिल्यांदा नीट ऐकला. "शाळेत जाताना बघायचीस, येताना बघायचीस, जिना उतरले की खिडकीतून बघायचीस. झोपले तरी येऊन श्वास बघायचीस, मी जागीच असायचे. अजून किती बघणार आहेस मला?"

बाई मटकन खाली बसल्या, त्या सांडलेल्या पाण्यातच, आणि रडल्या. मोठ्याने, गल्लीला ऐकू जाईल असं. काशीबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मी डबा घेऊन बाहेर ओट्यावर गेलो, कारण मलाही रडू येत होतं आणि रसायनशास्त्राच्या माणसाला ते शोभत नाही.

त्यानंतर काशीबाई दिवाळीची वाट न बघता यायला लागल्या. बाईंची भीती गेली असं म्हणणार नाही. कुलूप त्या दोनदा ओढत राहिल्या, पेलाही राहिला. फक्त स्टाफरूममध्ये पर्स खाली ठेवायला लागल्या, असं तिथले सांगायचे. आशू डॉक्टर झालेली त्यांनी बघितली, तिचं लग्न बघितलं. त्यानंतरच्या उन्हाळ्यात साध्या तापाचं निमित्त झालं आणि बाई गेल्या. पळताना हाक मारीन म्हणाल्या होत्या. नाही मारली.

परवा आशूच्या मुलीचं बारसं होतं, नांदेडलाच. पाळण्याभोवती बायकांची ही गर्दी. बारशाला गेलेल्या कुणालाही माहीत आहे, तिथे पहिला प्रश्न एकच असतो. तिच्या सासरच्या एका आजींनी तो विचारलाच, "कुणावर गेलीय गं ही?"

आशूचे हात पाळण्याच्या दोरीवर थांबले. मी कोपऱ्यात पेढा तोंडाशी धरून तसाच राहिलो. काशीबाई पाळण्याला टेकून बसल्या होत्या. बाळाच्या अंगावर ते दुपटं होतं, मोरपंखी आणि डाळिंबी.

तेवढ्यात बाहेर वाजंत्री सुरू झाली म्हणून कुणीतरी खोलीचं दार लावून घेतलं, आणि इतका वेळ गप्प पडलेल्या बाळाने जे भोकाड पसरलं, की विचारू नका. हलवून बघितलं, गाऊन बघितलं, थांबेना.

"आगं, दार उगडा आदी," काशीबाई म्हणाल्या. "सकाळधरनं बगायले मी. दार लावलं की रडायली. बाईवरच गेलीय बगा, दुसऱ्या कुनावर न्हाई."

मी उठलो आणि दार उघडलं. बाळ गप्प झालं.